पाचवा माणूस काय खातो

बादलीतल्या पाण्यावर सकाळी साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. तो उलथन्याच्या दांड्यानं फोडायचा, पातेलंभर पाणी गॅसवर चढवायचं आणि ते कोमट होईपर्यंत दोन्ही हात आचेशी धरून तिथंच उभं राहायचं, अशी सुनेच्या दिवसाची सुरुवात होई. तेवढ्या चार मिनिटांत ती देवाचं नाव घेऊन टाकी. एरवी त्याला वेगळी जागा होती, वेगळी वेळ होती. पण थंडीची लाट आल्यापासून घरात वेगळं असं काही उरलंच नव्हतं.

चार खोल्यांपैकी तीन बंद केल्या होत्या. दारांच्या फटींत जुनी चादर फाडून कोंबली होती. उरलेल्या एका खोलीत एक हीटर आणि चार माणसं होती. खाटेवर सासरे, खाटेच्या पायथ्याशी दुलईत सासूबाई, दाराजवळच्या गादीवर नवरा, आणि जिथं जागा उरेल तिथं सून. बाहेर उणे बावीस होतं. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी उठली होती, त्यामुळे बाहेर दिवस कुठवर आलाय तेही दिसत नसे. रस्ता दहा दिवसांपासून बंद होता. कुणी शिंकलं तर चौघं दचकत, आणि कुणी उसासा टाकला तर बाकीचे तिघं आपण ऐकलंच नाही असं दाखवत.

पाणी कोमट झालं की सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, डाव्या पायाची मलमपट्टी. दवाखान्यातल्या सिस्टरनं रस्ता बंद व्हायच्या आदल्याच दिवशी सुनेला ती शिकवली होती. पट्टी झाली की हात स्वच्छ धुवायचे, आणि पुस्तक घ्यायचं.

पुस्तकाचा नेम मात्र थंडीच्याही आधीचा. बाबांना साखरेचा आजार. आधी त्यानं डोळ्यांपुढे जाळी धरली, मग पायाची जाणीव नेली. डोळे गेले त्या आठवड्यात सुनेनं मनाशी ठरवलं होतं की रोज एक भाग वाचायचा, एकच, आणि खाडा करायचा नाही. पुस्तकं तीच, बाबांची आवडती. ध्रुवावर निघालेली माणसं, बर्फात अडकलेली जहाजं, तंबू, घसरगाड्या, गोठलेले मिशांचे केस.

"बाहेर उणे बावीस, घरात हुडहुडी, आणि कानात उणे चाळीस," सासूबाई दुलईतून म्हणत. "एवढी थंडी पुरत नाही का तुम्हाला?"

"त्या थंडीपुढे आपली गुलाबी वाटते," बाबा म्हणत.

"मग त्या गुलाबी थंडीत तुम्हीच उठून पाणी तापवा."

बाबांनी एकतीस वर्षं एका मोठ्या वसतिगृहाच्या भोजनगृहाचं कोठार सांभाळलं होतं. सकाळी पहिला प्रश्न, आज पानं किती? उत्तर मिळालं की माणशी तांदूळ, माणशी डाळ, माणशी तेल असं तोलून द्यायचं आणि पावतीवर नग लिहून खाली सही करायची. काट्यावर इतका विश्वास की लोक त्यांना काटेसाहेब म्हणत. ध्रुवाच्या गोष्टींत त्यांना धाडसापेक्षा शिध्यात जास्त रस होता. कुठल्या मुक्कामावर किती डबे पुरून ठेवले, किती दिवसांचं इंधन घेतलं, कुत्र्यांचं खाणं वेगळं धरलं की नाही. "कप्तानाचं नाव होतं," ते म्हणत, "पण माणसं जगवतो तो कोठारवाला."

सुनेला सुरुवातीला या गोष्टींचा कंटाळा यायचा. या खोलीत अडकल्यापासून मात्र तिलाच त्यांची ओढ लागली होती. त्या माणसांना थंडी होती, उपास होता, पण दिशा होती. संध्याकाळी तंबू ठोकला की आज सहा मैल आलो असं वहीत लिहिता यायचं. इथं बसल्या जागी गारठायचं, आणि दिवस संपला तरी आपण हीटरपासून तेवढ्याच अंतरावर.

सध्याच्या पुस्तकात पाच जण ध्रुवाहून परत निघाले होते. कप्तान, डॉक्टर, आचारी, नकाशे काढणारा आणि सुतार. बाबांचा जीव सुतारावर जडला होता. तो कमी बोलायचा आणि मोडलेलं काहीही जोडून द्यायचा.

चौदाव्या भागात सुतार मेला.

सुनेच्या ते आधीच लक्षात आलं. पान उलटताना तिची नजर नेहमी चार ओळी पुढे असे, आणि त्या चार ओळींत पाय होता. काळी पडलेली बोटं होती, वास होता. ती थांबली, आणि पुढचं वाक्य डोळ्यांनी न वाचता तोंडानं तयार केलं. "सुतार सकाळी उठला आणि त्यानं घसरगाडीची पट्टी घट्ट केली."

इतकंच. जन्मात तिनं कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, आणि हेही तिला त्या क्षणी खोटं वाटलं नाही. एका म्हाताऱ्या आजारी माणसासमोर एक मढं झाकलं, एवढंच.

कारण बाबांचा पाय. त्यांना तो दिसत नव्हता आणि जाणवतही नव्हता. सुनेला रोज दिसत होता. डॉक्टरांनी रस्ता बंद व्हायच्या आधीच नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, लवकर काढला तर माणूस वाचेल. घरी आल्यावर सासूबाईंनी सुनेचा हात हातात घेतला. "त्यांना सफाई करायचीय एवढंच सांगायचं. मला शब्द दे." सुनेनं शब्द दिला, कारण सासूबाईंची भीती खोटी नव्हती. बाबांच्या थोरल्या भावाचा पाय असाच काढला होता, आणि त्याच्या खाटेशेजारी उभं राहून बाबा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "माझ्यावर ही वेळ आली तर मला आहे तसाच जाऊ द्या. तुकड्यांनी जगायचं नाही मला." बोलले की बोलले. एकतीस वर्षांत दिलेलं माप त्यांनी कधी परत घेतलं नव्हतं. खरं सांगितलं तर ते नाही म्हणणार, आणि नाही म्हणाले तर चार आठवडे, फार तर पाच.

तेव्हा सुतार जगला. पण एकदा जगवलेला माणूस सांभाळावा लागतो. पंधराव्या भागात तो नव्हताच, त्याला काम द्यावं लागलं. सुनेनं त्याला तंबूची दोरी शिवायला लावली. सोळाव्यात त्याला खोकला दिला. सतराव्यात बाबा म्हणाले, "आज सुतार काही बोलला नाही," तेव्हा तिनं त्याच्या तोंडी दोन वाक्यं घातली, आणि नंतर तिच्या ध्यानात आलं की ती तिच्या वडिलांची होती. आंघोळ झाली, नाव घेऊन झालं, तरी दिवसभर त्या सुताराची काळजी. उद्या याला काय करायला लावू? आचाऱ्याच्या शेजारी झोपवू की डॉक्टरच्या? त्या तंबूत आता तीही अडकली होती. बाहेर पडायचं तर मढ्यावरूनच पडावं लागणार.

सुताराला जगवल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी दवाखान्याचा फोन आला. रस्ता साफ करणारी गाडी पुलापर्यंत पोचली होती. उद्या आठ वाजता रुग्णवाहिका येईल, संमतीच्या कागदावर सही करून तयार ठेवा.

नवऱ्यानं सुनेला स्वयंपाकघरात बोलावलं. तिथं हीटर नव्हता, दोघांच्या तोंडून वाफा निघत होत्या. डॉक्टरांनी तेव्हाच देऊन ठेवलेला कागद फडताळात डब्यांमागे होता, तो त्यानं बाहेर काढला.

"तू वाचून दाखव," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सफाईचा कागद म्हणून. दोन-तीन वाक्यं जोड आपली."

"मी?"

"माझ्या तोंडावर त्यांना लगेच कळतं. तुझ्या वाचण्यावर त्यांचा विश्वास आहे."

"अहो, विश्वास आहे म्हणूनच तर."

"मग काय करू? कागद मागवला त्यांनी, उद्या आठला. सही नसेल तर गाडी रिकामी परत जाईल, आणि पुन्हा बर्फ पडला तर?" त्यानं डोळे पुसले आणि थंडीनं पाणी येतंय असा चेहरा केला. "पाप लागलं तर मला लागू दे. तू फक्त वाच."

कागद घडी करून तिनं पुस्तकात ठेवला, कारण तिच्या हाताला दुसरं काही सुचलं नाही.

फोनच्या गडबडीत पट्टी दुपारी झाली. कालपर्यंत दोन बोटं काळी होती, आज तिसरं. हात धुऊन ती खाटेजवळ बसली.

"बाबा, उद्या गाडी येतेय," नवरा म्हणाला. "सफाईसाठी. एका कागदावर तुमची सही लागेल."

"लागू दे. आधी भाग होऊ दे. कुठवर आलो होतो?"

"अठरावा," सून म्हणाली आणि वाचू लागली. वादळ उतरलं होतं. पुरून ठेवलेल्या शिध्याचा मुक्काम सापडला होता. बर्फ खणून पेटी काढली, झाकण उघडलं. तिनं नेहमीसारखा एक डोळा पुढं ठेवला होता, सुताराला कुठं उभा करायचा ते पाहत. त्या नादात मधली ओळ छापली होती तशीच तोंडातून गेली. "पेटीत शहाण्णव बिस्किटं होती. माणशी चार धरली तर सहा दिवसांची सोय झाली. सुतारानं पेटीचं झाकण..."

"थांब."

ती थांबली.

"शहाण्णव बिस्किटं. माणशी चार. सहा दिवस." बाबांनी बोटांवर मोजलं नाही, त्यांना त्याची गरजच नव्हती. "पानं किती झाली?"

सुनेनं ती ओळ पुन्हा डोळ्यांखालून घातली.

"सांग ना. दिवसाला सोळा बिस्किटं. माणशी चार. पानं किती?"

"चार, बाबा."

"मग पाचवा माणूस काय खातो?"

नवरा पुढं सरसावला. "छापण्यात चूक असेल हो. जुनं पुस्तक आहे."

"कोठाराच्या मापात चूक करणारा कप्तान ध्रुवावरून परत येत नाही," बाबा म्हणाले. त्यांनी मान सुनेच्या आवाजाकडे वळवली. "सुतार बोलायला लागला की पान उलटत नाही, बाळ. परवापासून ऐकतोय मी. वाचताना तुझा आवाज एक असतो आणि सुतार आला की दुसरा. विचारावंसं वाटत होतं, पण म्हटलं, राहू दे. बरा माणूस आहे, जगतोय तर जगू दे." "कधी गेला?"

"चौदाव्या भागात."

"कशानं?"

तिला खोकला काढता आला असता. वादळ काढता आलं असतं. पाच दिवस एवढी वाक्यं जुळली, आता एक जुळेना.

"पायानं," ती म्हणाली.

सासूबाईंची दुलई हलली आणि पुन्हा निश्चल झाली. नवऱ्यानं पुस्तकातून कागद ओढून काढला आणि जरा जास्तच मोठ्या आवाजात म्हणाला, "बाबा, गोष्ट नंतर. आधी हे उरकून टाकू. सफाईचा कागद आहे."

"तिच्याकडे दे," बाबा म्हणाले. "ती वाचेल."

कागद सुनेच्या हातात आला. वर रुग्णाचं नाव, खाली डावा पाय, त्याखाली गुडघ्याच्या खालून, आणि मग बारीक अक्षरांत जोखमीची यादी. तिनं सासूबाईंच्या दिशेनं पाहिलं. दुलईच्या काठावर फक्त चार बोटं दिसत होती, घट्ट आवळलेली. खोटं वाचलं तर या माणसाला ती डोळे बांधून टेबलावर नेणार. खरं वाचलं तर शब्द मोडणार, आणि कदाचित ते नाही म्हणतील, आणि मग ते मरण रोज सकाळी कोमट पाण्यानं धुवायचं काम तिचंच. दार तीन पावलांवर होतं. पण दाराबाहेर उणे बावीस होतं, आणि तिथं जाऊन करायचं काय?

"बाबा," ती म्हणाली, "मी हा कागद नाही वाचत. मी आईंना शब्द दिलाय."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला.

बाबांना कळायला फार वेळ लागला नाही. कोठारात कमी भरलेलं पोतं नुसतं उचलून ओळखणारा माणूस तो. त्यांचा हात पांघरुणावरून खाली सरकला, मांडीपर्यंत, गुडघ्यापर्यंत, आणि तिथं थबकला.

"किती ठेवणार आहेत?" त्यांनी विचारलं.

मग पायथ्याकडून सासूबाईंचा आवाज आला, दुलईतूनच. "गुडघा ठेवणार आहेत."

"तुला माहीत होतं."

"हो."

"मला फसवून नेणार होतीस तू."

"हो," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तोंडावरून दुलई काढली. केस विस्कटलेले, नाक लाल झालेलं. "आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तशीच नेईन. त्या दिवशी थोरल्या भाऊजींच्या खाटेशी मोठ्या तोंडानं बोलून मोकळे झालात तुम्ही. मी शेजारी उभी होते. मला विचारलंत का, मला चालेल का म्हणून?"

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

ते तसे किती वेळ होते कुणास ठाऊक. हीटर मधूनच बंद पडायचा तसा बंद पडला, नवऱ्यानं उठून त्याला थापट मारली, तो पुन्हा चालू झाला. सून मांडीवर पुस्तक आणि पुस्तकावर कागद घेऊन बसून राहिली. तिला वाटलं होतं की खरं बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. खोली तेवढीच होती. फक्त आता चौघांपैकी कुणालाच लपायला जागा नव्हती.

"चौदावा भाग वाच," बाबा भिंतीकडे पाहतच म्हणाले. "छापलाय तसा."

तिनं पान काढलं. या वेळी नजर पुढं धावू दिली नाही. शब्द येतील तसे वाचले. सुताराची बोटं पहिल्याच आठवड्यात बधिर झाली होती. त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण आपल्यामुळे चाल मंदावेल अशी त्याला भीती होती. अकरा दिवस त्यानं मोजा काढला नाही. तंबूत वास यायला लागला, तेव्हा बाकीच्या चौघांनीही ओळखलं, पण आपण विचारलं तर त्याचा धीर सुटेल असं प्रत्येकाला वाटलं. बाराव्या दिवशी तो उठलाच नाही. चौघांनी त्याला बर्फात पुरलं आणि त्याची हत्यारं बरोबर घेतली.

"डॉक्टर होता ना तंबूत?" बाबांनी विचारलं.

"होता."

"किती अंतरावर?"

तिनं मागचं पान पाहिलं. "शेजारीच झोपायचा. खांद्याला खांदा लावून."

बाबांनी पांघरूण गुडघ्यापर्यंत वर सारलं. मग म्हणाले, "माझा मोजा काढ."

"पट्टी आहे बाबा, मोजा नाही."

"तेच ते. सोड, आणि दिसतंय ते सांग. जोडू नकोस, गाळू नकोस."

तिनं पट्टी सोडली. वास खोलीभर झाला. नवऱ्यानं मान फिरवली, सासूबाईंनी फिरवली नाही. सून एकेक सांगत गेली. अंगठा मुळापासून काळा आहे. शेजारची दोन बोटंही काळी, त्यातलं एक आजच झालंय. तळव्यावर रुपयाएवढी जखम आहे, तिच्या कडा ओल्या आहेत. घोट्याच्या वर वीतभर लाल आहे, कालच्यापेक्षा दोन बोटं वर चढलंय. तिचा आवाज मधे एकदा चिरकला. तिनं घोट्यापासून पुन्हा सांगितलं.

बाबांनी सगळं ऐकलं. कोठारात पहाटे माल मोजून घेताना ऐकायचे तसं.

"दोन बोटं वर चढलं, एका दिवसात," ते म्हणाले. "उद्या गाडी आलीच नाही तर?"

"तर गुडघाही राहणार नाही, असं म्हणाले डॉक्टर," नवरा म्हणाला. त्या दिवशी बाबांशी बोललेलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य होतं.

"भिजलेलं पोतं आदल्याच दिवशी बाहेर काढायचो मी. बाकीच्या मालाला लागू नये म्हणून. कुणाला विचारायलाही थांबायचो नाही." बाबांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानाकडे गेलं. ते त्यांनी पुसलं नाही. "भीती वाटते गं," ते म्हणाले. हे कुणाला म्हणाले ते कळलं नाही, पण सासूबाई उठल्या, दुलईसकट खाटेच्या कडेवर येऊन बसल्या आणि त्यांनी आपले गार हात त्यांच्या पांघरुणात घातले.

"हात आहेत की बर्फाच्या लाद्या," बाबा म्हणाले.

"तुम्हालाच थंडीची आवड."

मग बाबांनी सुनेला कागद वाचायला सांगितला, पहिल्या ओळीपासून, बारीक अक्षरांसकट. तिनं वाचला. जोखमीच्या यादीत एके ठिकाणी मृत्यू होता, तोही वाचला. बाबांनी मधे दोनदा थांबवून अर्थ विचारला. शेवटी नवऱ्यानं पेन दिलं, पण बॉलपेनातली शाई गोठून बसली होती, नुसते चरे उमटत होते. बाबांनी ते पेन मुठीत धरलं, ती मूठ पांघरुणात घेतली आणि सगळे वाट पाहत बसले. बराच वेळ गेला.

सुनेनं त्यांचा हात योग्य जागी टेकवून दिला. बाबांनी सही केली, मोठी, ओळ सोडून वर चढत गेलेली. हात तिथंच ठेवून सहीखाली आणखी काहीतरी लिहिलं. अक्षरं एकमेकांवर चढली होती, तरी लागत होती. नवऱ्यानं ते पाहिलं, त्याला हसू आलं आणि मग त्याचा चेहरा असा झाला की तो उठून बंद खोलीच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"काय लिहिलंत?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा चष्मा कुठंतरी दुलईत हरवला होता. त्यांनी कागद सुनेपुढे धरला. "तू वाच."

सुनेनं कागद खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि लिहिलं होतं तसं वाचलं.

"पाय, डावा. नग एक. तपासून दिला."